मदरबोर्ड बदलला की ‘फॉर्मॅट मारा’ : एका सल्ल्याचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा मदरबोर्ड बदलल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकावी लागते का, असा प्रश्न कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात विचारला तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘फॉर्मॅट मारा आणि नवीन टाका.’ दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, बंगळुरूचा एस. पी. रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, सुटे भाग जोडून संगणक बांधून देणाऱ्या बाजारात हा सल्ला वर्षानुवर्षे चालत आला आहे. अनेक विद्यार्थ्यांनी या सल्ल्यापायी प्रकल्पाचा कोड, अहवाल आणि छायाचित्रे गमावली आहेत.

हा सल्ला चूक आहे असे सरसकट म्हणता येत नाही. एका विशिष्ट काळात तो अगदी योग्य होता. त्यामागची तांत्रिक कारणे पुढे एकेक करून नाहीशी झाली, परंतु त्याच सुमारास दोन वेगळी कारणे उभी राहिली : परवाना आणि कूटबद्धता. ही दोन्ही कारणे हार्डवेअर ओळखण्याच्या अडचणीतून आलेली नाहीत. मदरबोर्डालाच संगणकाची ओळख मानण्याच्या निर्णयातून ती आली आहेत. म्हणून या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेचा आणि संगणकाच्या मालकीचा असे दोन्ही इतिहास हाती लागतात.

हा इतिहास वाचताना एक संकल्पना सतत जवळ ठेवावी. आपण तिला ‘बांधणीचा क्षण’ म्हणू. ऑपरेटिंग सिस्टीमला आपल्या खालचे हार्डवेअर कोणते आहे हे केव्हा कळते? ती तयार होताना, इन्स्टॉल होताना, की प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना? हा क्षण जितका आधीचा, तितका हार्डवेअरमधला बदल महाग पडतो.

१. प्रणाली यंत्रासाठी ‘शिवून’ घेण्याचा काळ

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. लहान-मोठ्या अनेक यंत्रांवर एकच सूचनासंच चालेल, ही तिची मोठी देणगी होती. तरीही ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टीम खोक्यातून काढली आणि लावली, असे होत नसे. प्रत्येक ठिकाणी ‘सिस्टीम जनरेशन’ नावाची प्रक्रिया करावी लागे. आपल्याकडे कोणत्या डिस्क, किती टेप, कोणते छपाईयंत्र आहे हे आधी लिहून द्यायचे आणि त्यानुसार त्या केंद्रापुरती प्रणाली तयार करून घ्यायची. शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवून घ्यावेत, तसाच हा प्रकार होता. यंत्राच्या जोडणीत मोठा बदल झाला की पुन्हा माप द्यावे लागे. येथे बांधणीचा क्षण प्रणाली तयार होण्याचाच होता.

लहान संगणकांच्या जगात हा प्रश्न गॅरी किल्डॉल यांनी वेगळ्या पद्धतीने सोडवला. १९७४च्या सुमारास त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. पुढे तिचे तीन स्पष्ट भाग झाले : वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचणारा, फायलींचा कारभार पाहणारा, आणि प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलणारा. या तिसऱ्या भागाला ‘बायोस’ हे नाव मिळाले. नवीन यंत्र बनवणाऱ्या कंपनीने फक्त बायोस नव्याने लिहायचा, बाकीचे दोन भाग तसेच राहायचे. यंत्राविषयीचे सर्व ज्ञान एका जागी गोळा करण्याची ही कल्पना पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया आहे.

२. डॉस : बोर्ड बदलला तरी डिस्क तीच

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यात बायोस डिस्कवर न ठेवता मदरबोर्डावरच्या रॉम चिपमध्ये ठेवला होता. प्रणालीने डिस्कवरचा एखादा भाग मागितला की बायोसमधील ठरावीक सेवा तो आणून देई. डिस्कचा नियंत्रक कोणत्या कंपनीचा आहे, याच्याशी डॉसला देणेघेणे नव्हते.

आयबीएमने बायोसचा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला होता, पण त्यावर स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅकने तो न उतरवता, फक्त त्याचे वर्तन अभ्यासून, स्वतःचा बायोस लिहिला आणि १९८२च्या नोव्हेंबरमध्ये आपला पोर्टेबल संगणक जाहीर केला. १९८४मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायोस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली. त्यामुळे अनेक कंपन्यांचे वेगवेगळे मदरबोर्ड बाजारात आले, आणि डॉसच्या दृष्टीने ते सारे एकसारखेच होते.

या काळात मदरबोर्ड बदलणे ऑपरेटिंग सिस्टीमपुरते सोपे होते. जुनी हार्ड डिस्क नव्या बोर्डाला जोडायची, बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कची मापे भरायची आणि संगणक सुरू करायचा. अडचण आलीच तर मापांची येई. जुन्या पद्धतीच्या १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या मर्यादांमुळे सुमारे ५२८ दशलक्ष बाइटपलीकडची डिस्क सरळ ओळखली जात नसे. ही मर्यादा ओलांडण्यासाठी बायोस मापांचे रूपांतर करी. दोन बोर्डांची रूपांतराची रीत वेगळी असेल, तर डिस्कवरची माहिती असूनही वाचता येत नसे. मात्र डॉस पुन्हा टाकण्याची गरज सहसा पडत नसे.

या सोयीची किंमतही होती. बायोसच्या सेवा संथ होत्या आणि एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रणालीसाठी बनलेल्या होत्या. अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या प्रणालीला हार्डवेअरशी थेट बोलणे भाग होते. तेथूनच पुढची गुंतागुंत सुरू झाली.

३. विंडोज ९५ आणि विंडोज एनटी : दोन वाटा

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ने ‘प्लग अँड प्ले’ आणले. जोडलेले उपकरण ओळखायचे, त्याचा ड्रायव्हर शोधायचा आणि ही सर्व नोंद रजिस्ट्रीत ठेवायची, अशी ही व्यवस्था होती. नवीन बोर्डावर जुनी डिस्क लावली की ‘नवीन हार्डवेअर सापडले’ अशा सूचनांची रांग लागे, विंडोजची सीडी मागितली जाई आणि मधूनमधून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. जाणकार मंडळी बोर्ड बदलण्यापूर्वी रजिस्ट्रीतील उपकरणांची शाखा काढून टाकत, म्हणजे प्रणाली सर्व काही नव्याने ओळखे. या सगळ्यातून विंडोज ९५ बहुधा तग धरून बाहेर पडे, कारण डिस्कचा योग्य ड्रायव्हर नसेल तर ती बायोसच्या जुन्या सेवांवर परत येऊ शके. चाल मंद होई, पण गाडी बंद पडत नसे.

विंडोज एनटीची वाट निराळी होती. १९८८मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली ही प्रणाली घडली आणि १९९३च्या जुलैमध्ये बाजारात आली. ती केवळ इंटेलच्या नव्हे, तर मिप्स आणि अल्फा यांसारख्या प्रोसेसरवरही चालावी, असा उद्देश होता. म्हणून हार्डवेअरमधील फरक झाकणारा एक पातळ थर वेगळा काढण्यात आला. त्याला ‘हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर’, थोडक्यात ‘हाल’ म्हणतात. किल्डॉल यांच्या बायोसमागची कल्पना येथे नव्या रूपात दिसते.

एनटीच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये, हालचे अनेक प्रकार होते : साध्या पीसीसाठी एक, एसीपीआय ही विद्युत-व्यवस्थापनाची पद्धत असलेल्या पीसीसाठी दुसरा, एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रासाठी आणखी वेगळा. इन्स्टॉल करताना सेटअप त्यातला योग्य प्रकार निवडून तेवढाच डिस्कवर ठेवी. आता बांधणीचा क्षण इन्स्टॉल करण्याचा झाला. हार्डवेअरचे फरक सोसावेत म्हणून आणलेला थर एकदा निवडला की कायम राही, आणि बोर्ड बदलल्यावर तोच अडथळा बने.

४. ‘७बी’ची निळी स्क्रीन

‘फॉर्मॅट मारा’ हा सल्ला ज्या अनुभवातून पक्का झाला, तो म्हणजे ‘स्टॉप ७बी’ ही चूक. निळ्या पडद्यावर येणाऱ्या या संदेशाचा अर्थ ‘ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे, तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही’ असा आहे. डिस्क शाबूत आहे, फायली जागेवर आहेत, क्षणापूर्वी त्याच डिस्कवरून विंडोज लोड होत होती, आणि तरीही हा संदेश! हे कसे घडते, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : संगणक सुरू झाल्यावर विंडोजचा लोडर बायोसच्या सेवा वापरून डिस्क वाचतो. येथपर्यंत बोर्ड कोणताही असला तरी चालते. दुसरी पायरी : लोडर प्रणालीचा गाभा, हाल आणि ‘सुरुवातीलाच लागणारे’ म्हणून नोंदलेले ड्रायव्हर स्मृतीत आणतो. तिसरी पायरी : गाभा कारभार हाती घेतो. या क्षणापासून बायोसची मदत बंद होते आणि डिस्क फक्त स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत वाचायची असते. जुन्या बोर्डावर इंटेलचा डिस्क-नियंत्रक असेल आणि नव्यावर व्हिया कंपनीचा, तर सुरुवातीच्या यादीत नव्या नियंत्रकाची नोंदच नसते. योग्य ड्रायव्हर कदाचित त्याच डिस्कवर पडलेला असतो, पण डिस्क वाचण्यासाठी तोच लागतो. किल्ली कुलपाच्या आत राहिल्यासारखी ही स्थिती आहे.

यावर उपाय नव्हते असे नाही. बोर्ड काढण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नियंत्रकासाठी सर्वसामान्य आयडीई ड्रायव्हर निवडला, तर नव्या बोर्डावर विंडोज सुरू होण्याची शक्यता बरीच वाढे. बोर्ड जळाल्यावर कळले, तर एक्सपीच्या सीडीवरून ‘रिपेअर इन्स्टॉल’ करता येई. त्यात हाल आणि ड्रायव्हर नव्याने निवडले जात, आणि वापरणाऱ्याच्या फायली व सॉफ्टवेअर बहुधा जागेवर राहत. साटा डिस्क आल्यावर यात आणखी एक भर पडली : सेटअप सुरू होताच एफ६ कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे.

परंतु दुकानदाराच्या दृष्टीने पाहा. रिपेअर करताना पुढे काय अडेल याचा नेम नसे, तर कोऱ्या इन्स्टॉलचा वेळ आणि निकाल दोन्ही ठरलेले. त्यातच हा काळ बोर्ड वारंवार बदलण्याचा होता. इंटेल, व्हिया, सिस, एनव्हिडिया अशा अनेक कंपन्यांचे चिपसेट बाजारात होते आणि प्रोसेसरचे सॉकेट दर काही वर्षांनी बदलत होते. २०००नंतरच्या काही वर्षांत तर सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगून जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी झाले. नेमका तसाच बोर्ड बाजारात मिळत नसे, म्हणून वेगळ्या चिपसेटचा बसवावा लागे. अशा परिस्थितीत ‘फॉर्मॅट मारा’ हा व्यवहारी नियम बनला. त्यात फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली होती : डिस्कवरच्या माहितीला वेळेइतके मोल नाही.

५. सन २००१ : बोर्ड म्हणजेच संगणक

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली आणि तिच्याबरोबर घरगुती वापरासाठी ‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेशन’ आले. इन्स्टॉल केल्यापासून ३० दिवसांत मायक्रोसॉफ्टकडे नोंद करायची, अन्यथा प्रणाली वापरता येणार नाही. एकच प्रत अनेक संगणकांवर टाकली जाऊ नये, हा हेतू. त्यासाठी ‘हाच तो संगणक’ हे ओळखणे आवश्यक झाले.

एक्सपी ही ओळख हार्डवेअरच्या १० गुणधर्मांवरून ठरवी. ग्राफिक्स कार्ड, स्कझी आणि आयडीई नियंत्रक, नेटवर्क कार्डाचा पत्ता, स्मृतीचे प्रमाण, प्रोसेसरचा प्रकार, प्रोसेसरचा अनुक्रमांक, हार्ड डिस्क, तिच्या विभागाचा क्रमांक आणि सीडी ड्राइव्ह. प्रत्येकातून एक छोटा संकेत काढून त्यांचा संच ठेवला जाई. काही भाग बदलले तरी चालत, ठरावीक मर्यादेपलीकडे बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेशन करावे लागे. नेटवर्क कार्ड तेच राहिले तर ही सवलत अधिक असे.

या यादीत ‘मदरबोर्ड’ हा शब्द नाही, हे लक्षात घ्यावे. पण तोपर्यंत नेटवर्क, ग्राफिक्स आणि डिस्क-नियंत्रक हे सारे बोर्डावरच येऊ लागले होते. सॉकेट बदलला की प्रोसेसरही बदले. म्हणजे एक बोर्ड बदलताच यादीतील चार-पाच नोंदी एकदम बदलत. यादीत नसूनही बोर्डच निर्णायक ठरला.

प्रोसेसरच्या अनुक्रमांकाचीही एक गोष्ट आहे. इंटेलने १९९९मध्ये पेंटियम ३ प्रोसेसरमध्ये सॉफ्टवेअरला वाचता येणारा अनुक्रमांक दिला. त्यावरून वापरणाऱ्याचा माग काढता येईल, असा आक्षेप खासगीपणासाठी काम करणाऱ्या गटांनी घेतला, बहिष्काराची हाक दिली, आणि पुढच्या पिढीत इंटेलने तो सोडून दिला. यंत्राला कायमचा क्रमांक असणे लोकांना तेव्हा खटकले होते. मदरबोर्डाभोवती हळूहळू उभी राहिलेली ओळख मात्र फारशी चर्चा न होता रुळली.

नव्या संगणकाबरोबर स्वस्तात मिळणाऱ्या ओईएम परवान्यात तर हे उघडच होते. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार स्मृती, डिस्क, ग्राफिक्स कार्ड बदलले तरी संगणक तोच राहतो, पण सुधारणा म्हणून मदरबोर्ड बदलला तर तो नवा संगणक ठरतो आणि त्यासाठी नवा परवाना लागतो. बोर्ड नादुरुस्त झाल्यामुळे बदलला असेल तर सवलत आहे. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत बायोसमध्येच खूण ठेवली जाई. व्हिस्टाच्या वेळी ही खूण एसीपीआयच्या एका तक्त्यात गेली, आणि विंडोज ८पासून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र कळच बोर्डावरील चिपमध्ये लिहिली जाऊ लागली.

आता ‘पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल का’ या एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले : प्रणाली चालेल का, आणि ती चालवण्याचा हक्क आपल्याकडे उरेल का? दुकानात हे दोन्ही प्रश्न सर्रास एकत्र केले जातात. कोरे इन्स्टॉल केल्याने पहिला सुटतो, दुसरा सुटत नाही.

६. लिनक्स : प्रत्येक सुरुवातीला नवी ओळख

१९९१मध्ये सुरू झालेल्या लिनक्सलाही आरंभी हार्डवेअरची माहिती आधी द्यावी लागे. आपल्या यंत्रापुरते ड्रायव्हर निवडून कर्नल स्वतः कंपाइल करणे ही तेव्हा नेहमीची बाब होती. आयबीएमच्या सिस्टीम जनरेशनचेच हे घरगुती रूप. ग्राफिक्ससाठी मॉनिटरच्या वारंवारता हाताने लिहाव्या लागत, आणि बोर्डावरचे ग्राफिक्स बदलले की पडदा काळा राही.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, गरजेनुसार जोडता येणाऱ्या मॉड्यूलच्या रूपात ठेवता येऊ लागले. सुरुवातीला स्मृतीत एक छोटी फाइल-व्यवस्था आणायची, तिच्यातून डिस्कचा ड्रायव्हर शोधायचा आणि मग खरी डिस्क उघडायची, ही युक्ती रूढ झाली. आज तिला ‘इनिटरॅमएफएस’ म्हणतात. ७बीच्या कोड्यातली किल्ली येथे कुलपाबाहेर ठेवलेली आहे. २०००मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ ही सीडीवरून चालणारी प्रणाली आणली. ती कोणत्याही यंत्रात घातली की हार्डवेअर तिथल्या तिथे ओळखले जाई. इन्स्टॉल हा टप्पाच नाही, म्हणून बांधणीचा क्षण आपोआप सुरुवातीच्या वेळेवर आला.

म्हणून आज सर्वसाधारण लिनक्स वितरणाची डिस्क नव्या बोर्डावर लावली, तर ती बहुधा तशीच सुरू होते. तरी काही कंगोरे राहतात. पूर्वी जुन्या नेटवर्क कार्डाचा पत्ता नोंदून ठेवल्यामुळे नव्या कार्डाला ‘ईटीएच०’ऐवजी ‘ईटीएच१’ हे नाव मिळे आणि नेटवर्क बंद पडे. आता नाव कार्ड बोर्डावर कोठे जोडले आहे त्यावरून ठरते, त्यामुळे बोर्ड बदलला की नाव बदलू शकते. इनिटरॅमएफएस फक्त जुन्या यंत्रापुरते बनवले असेल, तरीही अडते. या अडचणी दुरुस्त करण्याजोग्या असतात. त्यांसाठी डिस्क पुसावी लागत नाही.

७. विंडोजची बदललेली रचना

जानेवारी २००७मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेली विंडोज व्हिस्टा वेगळ्या पद्धतीने इन्स्टॉल होई. सेटअप एकेक फाइल निवडून ठेवण्याऐवजी संपूर्ण प्रणालीची तयार प्रतिमा डिस्कवर उलगडे. एकच प्रतिमा सर्व यंत्रांवर चालायची, तर ती कोणत्याही एका हार्डवेअरशी बांधलेली असून चालणार नव्हते. त्यामुळे योग्य हाल सुरुवातीच्या वेळी ओळखण्याची सोय झाली. मात्र न लागणारे डिस्क-ड्रायव्हर इन्स्टॉलनंतर बंद ठेवण्याची पद्धत विंडोज ७मध्येही होती. म्हणून बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीईवरून एएचसीआय केली, तरी जुनी ७बी स्क्रीन भेटायला येई.

ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या विंडोज ८च्या एंटरप्राइज आवृत्तीत ‘विंडोज टू गो’ ही सोय होती. यूएसबी ड्राइव्हवरची एकच विंडोज आज या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर सुरू करता येई. प्रत्येक नव्या यंत्रावर ती पहिल्यांदा हार्डवेअर ओळखून घेई. मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये ही सोय बंद केली, पण इतिहासाच्या दृष्टीने तिचा पुरावा मोलाचा आहे : विंडोजला अनोळखी बोर्डावर उभे राहता येते, हे तिच्या निर्मात्यानेच विकून दाखवले. विंडोज १० किंवा ११ची डिस्क नव्या बोर्डावर लावल्यावर ‘उपकरणे तयार होत आहेत’ असा संदेश येतो, एक-दोनदा संगणक पुन्हा सुरू होतो आणि बहुतेक वेळा जुना डेस्कटॉप समोर येतो.

परवान्याच्या बाजूनेही थोडी सैल आली. २०१५मध्ये आलेल्या विंडोज १०मध्ये परवाना हार्डवेअरच्या ओळखीसह मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदला जातो. २०१६च्या सुधारित आवृत्तीपासून तो वापरणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो आणि ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले आहे’ असे कळवून पुन्हा मिळवता येतो. हा मार्ग परवाना हस्तांतर करण्याजोगा असेल तरच उपयोगी. शिवाय येथे ओळख बोर्डावरून खात्याकडे सरकली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

८. नवे बंध : यूईएफआय आणि टीपीएम

जुन्या बायोसची जागा आता यूईएफआयने घेतली आहे. इंटेलने इटानियम प्रोसेसरसाठी सुरू केलेल्या कामातून ती उगवली आणि २००५मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेली. येथे कोणत्या डिस्कवरची कोणती प्रणाली सुरू करायची, याची यादी मदरबोर्डावरील स्मृतीत असते. बोर्ड गेला की यादीही जाते. डिस्क ठणठणीत असून ‘बूट करण्याजोगे उपकरण नाही’ असा संदेश आला, तर अनेकदा कारण एवढेच असते. ती नोंद पुन्हा तयार करता येते. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय जाणत असेल, तर विंडोज १०मध्ये २०१७पासून असलेले रूपांतराचे साधन माहिती न पुसता विभागणी बदलते.

यापेक्षा गंभीर बंध टीपीएम या सुरक्षा-चिपचा आहे. व्हिस्टापासून आलेली बिटलॉकर व्यवस्था डिस्क कूटबद्ध करते आणि तिची किल्ली टीपीएममध्ये अशा रीतीने ठेवते की सुरुवातीची सारी मोजमापे जुळली तरच ती बाहेर यावी. टीपीएम मदरबोर्डावर वेगळी चिप म्हणून असते, किंवा प्रोसेसर वा चिपसेटच्या फर्मवेअरमध्ये असते. बोर्ड बदलला की प्रणाली ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागते. ती नसेल तर माहिती मिळत नाही. कोणताही तंत्रज्ञ येथे काही करू शकत नाही, कारण चोरीला गेलेली डिस्क दुसऱ्या यंत्रात उघडू नये, हाच या व्यवस्थेचा हेतू आहे. चोराने डिस्क पळवणे आणि मालकाने बोर्ड बदलणे यांत टीपीएमला फरक दिसत नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने टीपीएम २.० आवश्यक ठरवले. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की कूटबद्धता आपोआप सुरू होते आणि पुनर्प्राप्ती-कळ त्या खात्यात साठवली जाते. आपली डिस्क कूटबद्ध आहे हे अनेकांना बोर्ड बिघडल्यावरच समजते.

९. आज निर्णय कसा घ्यावा

वरील इतिहासावरून बोर्ड बदलण्यापूर्वी विचारायचे प्रश्न पुढीलप्रमाणे ठरतात :

१. माहितीची प्रत दुसरीकडे आहे का? प्रणाली पुन्हा टाकायची असो वा नसो, हा प्रश्न पहिला.

२. डिस्क कूटबद्ध आहे का? असल्यास पुनर्प्राप्ती-कळ कागदावर उतरवून घ्यावी आणि बोर्ड बदलेपर्यंत बिटलॉकर तात्पुरते स्थगित ठेवावे. लॅपटॉप सेवा केंद्रात देण्यापूर्वी हे अवश्य करावे. लिनक्सवर डिस्कची किल्ली सांकेतिक शब्दावर असेल, तर बोर्डाचा प्रश्न येत नाही.

३. परवाना कोणत्या प्रकारचा आहे? स्वतंत्र विकत घेतलेला असेल तर नव्या बोर्डावर नेता येतो. यंत्राबरोबर आलेला असेल तर हमीखाली झालेली दुरुस्ती आणि स्वखुशीने केलेली सुधारणा यांत फरक पडतो.

४. नव्या बोर्डाची सुरुवातीची पद्धत जुन्याशी जुळते का? यूईएफआय की जुना बायोस, एएचसीआय की रेड, हे दोन्हीकडे सारखे ठेवावे.

५. नव्या हार्डवेअरला जुनी प्रणाली ओळखते का? विंडोज ७ची डिस्क २०१५नंतरच्या अनेक बोर्डांवर लावली तर यूएसबीचा कळफलक आणि माउसच चालत नाहीत, कारण त्यांच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर त्या प्रणालीत नाही.

कोरे इन्स्टॉल आजही काही प्रसंगी श्रेयस्कर असते : प्रणाली आधीच अस्थिर असेल, मालवेअरचा संशय असेल, किंवा जुन्या बोर्डाची सॉफ्टवेअर सतत अडथळा आणत असतील तेव्हा. पण त्या वेळी तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा, आणि शक्य असल्यास वेगळ्या डिस्कवर करावा. जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवली तर राहून गेलेली फाइल सापडते.

समारोप

सिस्टीम/३६०च्या काळी यंत्राची ओळख प्रणाली घडतानाच पक्की होई. विंडोज एक्सपीच्या काळी ती इन्स्टॉल करताना पक्की होई. आज ती प्रत्येक सुरुवातीला नव्याने होते. अभियंत्यांनी जवळजवळ अर्धशतक खर्चून प्रणाली आणि बोर्ड यांच्यातली गाठ सैल केली. त्याच काळात परवान्याने आणि कूटबद्धतेने वेगळ्या गाठी मारल्या. त्यांपैकी कूटबद्धतेची गाठ आपल्या माहितीचे रक्षण करते, परवान्याची गाठ विक्रेत्याच्या हक्काचे. दोन्ही गाठी नवा ड्रायव्हर टाकून सुटत नाहीत. बोर्ड हाती घेण्यापूर्वी कोणती गाठ कोणी आणि कशासाठी मारली आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला सहसा डिस्क पुसावी लागत नाही.

स्वाध्याय

१. ‘बांधणीचा क्षण’ ही संकल्पना ओएस/३६०, विंडोज एक्सपी आणि क्नॉपिक्स यांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

२. स्टॉप ७बी ही चूक येताना लोडरला डिस्क वाचता येते, पण गाभ्याला वाचता येत नाही. असे का?

३. एक्सपीच्या ओळख-यादीत मदरबोर्ड नसूनही तो निर्णायक का ठरला?

४. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एक संगणक निवडा. उद्या त्याचा बोर्ड बदलावा लागला, तर प्रकरण ९मधील पाचही प्रश्नांची उत्तरे काय येतील, ते लिहा.